दाबाला वाट : एका झडपेची कहाणी

बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यांत नांदूरघाट नांवाचें गांव आहे. बालाघाटच्या चढउतारांचा हा मुलूख. पाऊस बेताचा, उन्हाळा कडक, आणि वाटेवरची धूळ अशी कीं सकाळीं धुतलेली गाडी दुपारीं ओळखूं येऊं नये. या गांवीं माझी धाकटी बहीण दिलेली आहे. मागच्या उन्हाळ्यांत एके रात्रीं तिच्या मुलाचा मला फोन आला. आवाज घाबरलेला होता.

"मामा, आईला धाप लागली म्हणून अंबाजोगाईला निघालो होतो. उतारावर वळणाआधी क्लच दाबला अन् गाडी बंदच पडली. ब्रेक दगडावाणी झाला. देवानं वाचवलं."

मीं विचारलें, "आई कशी आहे?"

"शेजाऱ्यांच्या जीपनं नेलं. आता बरी आहे. पण मामा, ह्या गाडीचं मला काही कळंना. चढावर पळायलीय अन् उतारावर मरायलीय."

चढावर पळते आणि उतारावर मरते, हें कोडें मला त्या रात्रीं झोपूं देईना. वास्तविक माझें आयुष्य मोटारींत गेलेलें नाहीं. साखर कारखान्याच्या बॉयलरपाशीं उभें राहून मीं माझे सारे हंगाम काढले. परंतु भाच्याची समजूत अशी कीं, जो माणूस वाफेचा दाब ओळखतो त्याला हवेचाही दाब ओळखतां आला पाहिजे. ही समजूत अगदींच चुकीची नव्हती. त्याच्या गाडींत जी मुठीएवढी झडप बिघडली होती, तिचें कूळ शोधीत गेलें तर माणूस शेवटीं बॉयलरपाशींच येऊन पोंचतो. म्हणून आधीं तें कूळ सांगतों, आणि मग नांदूरघाटच्या गाडीकडे वळतों.

दाब कोंडण्याची कला माणसाला पुष्कळ आधीं साधली. तो वेळेवर सोडण्याची कला मागाहून आली, आणि ती येईपर्यंत अनेकांचे जीव गेले. १६७९ सालीं डेनिस पापिन या फ्रेंच विद्वानानें लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें एक घट्ट झांकणाचें लोखंडी भांडें ठेविलें. त्यांत हाडें घालून चूल पेटविली कीं तीं मऊ होत. भांडें फुटेल ही भीति पापिनला होतीच. म्हणून त्यानें झांकणाला एक भोंक ठेवून त्यावर झडप बसविली, आणि ती एका दांडीनें व वजनानें दाबून धरली. आंतला दाब वजनाहून अधिक झाला कीं झडप उचलली जाई. आज आपल्या घरोघर जो प्रेशर कुकर शिटी देतो, आणि ज्याचा एक प्रसिद्ध कारखाना १९५९ सालीं मुंबईंत हॉकिन्स या नांवानें निघाला, त्याचा हा मूळ पुरुष.

पण झडप बसविली म्हणजे काम झालें असें नाहीं. १८०३ सालीं इंग्लंडांत ग्रीनिच येथें रिचर्ड ट्रेव्हिथिकच्या उच्च दाबाच्या इंजिनाचा बॉयलर फुटला. इंजिनाची राखण ज्या पोराकडे होती तो वाम मासे धरावयास निघून गेला होता. मागें इंजिन थांबविण्यांत आलें, पण वाफेला वाट मिळाली नाहीं. चार माणसें मेलीं. ट्रेव्हिथिक कोर्नवॉलचा हट्टी माणूस होता, तरी या धक्क्यानें तो शहाणा झाला. पुढें तो एकाऐवजीं दोन झडपा बसवूं लागला, आणि त्यांतली एक चालकाच्या हातीं लागणार नाहीं अशी ठेवूं लागला. शिवाय बॉयलरच्या तळाशीं शिशाची गुडदी घालूं लागला. पाणी आटून तळ तापला तर शिसें वितळून वाफ आगीवर यावी, ही योजना. आमच्या कारखान्यांतल्या बॉयलरवरही दोनच झडपा असत, आणि निरीक्षक येऊन त्या लावून गेले म्हणजे कोणाची बोट लावण्याची छाती नसे. त्या दोन झडपांमागें ग्रीनिचचे चार मुडदे आहेत, हें मला नोकरींत असतांना ठाऊक नव्हतें. निवृत्त झाल्यावर वाचनांत आलें.

याहूनही विलक्षण गोष्ट अमेरिकेंतली आहे. १८३१ च्या जून महिन्यांत साउथ कॅरोलायनांत 'बेस्ट फ्रेंड ऑफ चार्ल्स्टन' नांवाचें आगगाडीचें इंजिन फुटलें. कारण असें सांगतात कीं, झडपेंतून सुटणाऱ्या वाफेचा सूं सूं आवाज आगवाल्याला असह्य झाला आणि त्यानें ती झडप दाबून बंद केली. आवाज थांबला, थोड्याच वेळांत बॉयलर फुटला आणि तो आगवाला मेला. श्रोतेहो, हा आवाज ध्यानांत ठेवा. याच आवाजासाठीं आजची मुलें पैसे मोजतात, तें पुढें येईल.

चालकाचा हात झडपेवर जातो, हें ओळखून १८५५ सालीं जॉन रॅम्सबॉटम या रेल्वेच्या इंजिनियरानें एक युक्ति काढली. दोन झडपा शेजारीं, दोहोंवर एक आडवी दांडी, आणि मध्यें खालीं ओढणारी एकच स्प्रिंग. दांडीचें एक टोक कोणीं दाबलें तर दुसरी झडप हलकी होऊन उघडे. लबाडीला जागाच उरली नाहीं. यंत्रांतल्या शहाणपणाचा एवढा सुंदर नमुना मला दुसरा माहीत नाहीं.

आपल्याकडे १८५३ च्या १६ एप्रिल रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली उतारूंची गाडी गेली, आणि १८५४ सालीं कावसजी दावर यांनीं मुंबईंत कापसाच्या पहिल्या गिरणीची कंपनी काढली. बॉयलर आले, तशी भीतिही आली. १८६३ सालीं कलकत्त्यास एक बॉयलर फुटून माणसें दगावलीं, आणि दुसऱ्याच वर्षीं बंगालांत बॉयलरतपासणीचा कायदा झाला. साऱ्या देशाला मिळून एक कायदा मात्र १९२३ सालीं झाला. तो शंभर वर्षें पुरला; २०२५ सालीं संसदेनें त्याच्या जागीं नवा कायदा केला आहे.

आतां वाफ सोडून हवेकडे येतों.

इंजिनांतून जळून बाहेर पडणारा वायु तापलेला आणि वेगवान असतो, आणि तो फुकट जातो. आल्फ्रेड बूखी या स्विस इंजिनियराच्या मनांत आलें कीं, या फुकट जाणाऱ्या वायूनें एक चाक फिरवावें, त्याच कण्यावर दुसरें चाक बसवावें, आणि त्या दुसऱ्या चाकानें बाहेरची हवा दाबून इंजिनांत भरावी. हवा अधिक गेली कीं इंधन अधिक जाळतां येतें, आणि तेवढ्याच इंजिनांतून शक्ति अधिक निघते. १९०५ सालीं त्यानें याचें पेटंट घेतलें. पण धातु आणि बेअरिंगें त्या कल्पनेच्या योग्यतेचीं नव्हतीं, म्हणून वीस वर्षें वाट पाहावी लागली. १९२६ च्या सुमारास 'प्रॉइसन' आणि 'हान्सेश्टाट डान्सिख' या दोन जर्मन जहाजांवर ही योजना बसली, आणि १,७५० अश्वशक्तीचीं इंजिनें २,५०० अश्वशक्ति देऊं लागलीं. मध्यंतरीं १९१८ सालीं अमेरिकेंत सँफर्ड मॉस या गृहस्थानें विमानाचें इंजिन पाइक्स पीक या सुमारें १४,००० फूट उंचीच्या डोंगरावर नेऊन, विरळ हवेंतही तें दम धरतें हें दाखविलें होतें. दम हा शब्द मीं मुद्दाम वापरला आहे. घाट चढणाऱ्या इंजिनालाही तोच हवा असतो आणि माझ्या बहिणीलाही.

मोटारींत हा टर्बो १९६२ सालीं आला. त्यांतल्या ओल्ड्समोबिल जेटफायर गाडीला पाणी आणि मिथेनॉल यांचें एक वेगळें मिश्रण टाकींत भरावें लागे. मालक तें भरावयास विसरत, मग गाडी मंद होई, आणि दोष टर्बोला लागे. १९७७ सालीं स्वीडनच्या साब कंपनीनें रोजच्या वापरास योग्य अशी टर्बोची मोटार पुढें आणली, तेव्हांपासून हें यंत्र शर्यतीच्या मैदानांतून बाजाराच्या रस्त्यावर आलें असें म्हणावयास हरकत नाहीं.

महाराष्ट्रांत टर्बो आला तो डिझेलच्या पाठीवर बसून. पुण्यास १९४६ सालीं किर्लोस्कर ऑइल इंजिन्स निघाली. विहिरीवरचें पुकपुक करणारें इंजिन तें. त्याला टर्बो नव्हता, आणि त्याची गरजही नव्हती. १९६२ सालीं पुण्यासच किर्लोस्कर-कमिन्स निघाली आणि मोठ्या डिझेल इंजिनांची विद्या येथें रुजली. पुढें १९९८ सालीं टाटांची सफारी आणि २००२ सालीं नाशिकच्या महिंद्रांची स्कॉर्पिओ आली, तेव्हां टर्बो हा शब्द खेड्यापाड्यांत पोंचला. उसाचे ट्रक, जीपगाड्या, सारे टर्बोवर चालूं लागले. बालाघाटांतल्या मिस्त्रींनीं हें यंत्र उघडून, चुकून, शिकून आपलेंसें केलें.

पेट्रोलच्या गाडींतला टर्बो मात्र आपल्याकडे फार दिवस श्रीमंतांचा पाहुणा होता. २००४ च्या सुमारास स्कोडाची ऑक्टाव्हिया आर. एस. आली, त्या कंपनीचा कारखाना आपल्या मराठवाड्यांतच, त्या वेळच्या औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपति संभाजीनगरास. २०१० सालीं रांजणगांवची फियाट लिनिया टी-जेट, २०१३ सालीं चाकणची पोलो जी. टी., २०१७ सालीं रांजणगांवचीच टाटा नेक्सॉन, अशी ती वाट रुंदावत गेली. मग १ एप्रिल २०२० पासून धुराचे नवे कडक नियम लागू झाले. लहान डिझेल इंजिनें त्या नियमांत बसविणें महाग पडूं लागलें. कित्येक कंपन्यांनीं तीं बंद केलीं, आणि त्यांच्या जागीं टर्बो लावलेलीं लहान पेट्रोल इंजिनें आलीं. जुन्या पेट्रोल टर्बो गाड्या शहरांतून विकल्या जाऊन खेड्यांत येऊं लागल्या त्याही याच सुमारास. या बदलाबरोबर एक नवी झडप गांवांत आली, आणि ती कोणाच्याच परिचयाची नव्हती.

ती अपरिचित कां, हें सांगितलें पाहिजे. कारण येथेंच बहुतेकांची गफलत होते. पेट्रोल इंजिनाच्या हवेच्या वाटेवर एक दार असतें. पाय दाबला कीं तें उघडतें, पाय उचलला कीं मिटतें. डिझेल इंजिनाचा वेग इंधन कमीजास्त करून आवरतात. त्याला वेगासाठीं असें दार मिटावें लागत नाहीं. आतां कल्पना करा. गाडी चढावर आहे, टर्बोचें चाक मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेत आहे, नळींत दाबलेली हवा खच्चून भरली आहे, आणि चालकानें एकदम पाय उचलला. दार मिटलें. चाक मात्र थांबत नाहीं. पुढें जाणारी हवा दारावर आपटून मागें फिरते आणि फिरत्या चाकावरच उलटी चाल करून येते. पारव्यांचा थवा एकदम उडावा तशी फडफड ऐकूं येते. चाकाच्या कण्यावर आणि बेअरिंगवर उलटसुलट भार पडतो, चाक मंदावतें, आणि पुन्हां पाय दाबल्यावर गाडी क्षणभर रेंगाळते. हें शेंकडों वेळां झालें म्हणजे टर्बोचें आयुष्य कमी होतें.

यावर उपाय म्हणून दाराच्या अलीकडे एक झडप बसवितात. तिच्या पोटांत रबरी पडदा किंवा धातूचा दट्ट्या, आणि त्याच्या पाठीशीं एक स्प्रिंग. पाठीमागच्या पोकळींतून एक बारीक नळी निघून दाराच्या पलीकडे, इंजिनाच्या बाजूस, जोडलेली असते. चढावर पाय दाबलेला असतांना दोन्ही बाजूंस दाब सारखा असतो, म्हणून स्प्रिंग झडप मिटून धरते. पाय उचलला कीं दाराच्या पलीकडे इंजिन हवा शोषून पोकळी निर्माण करतें; ती पोकळी बारीक नळींतून पडद्याला मागें ओढते, अलीकडचा दाब त्याला ढकलतो, झडप उघडते आणि कोंडलेली हवा सुटते. पुष्कळ नव्या गाड्यांत हें काम विजेच्या तारेनें चालतें, पण तत्त्व तेंच.

पापिनच्या झडपेहून ही झडप एका गोष्टींत वेगळी आहे. बॉयलरची झडप दाब फार झाला म्हणून उघडते. ही झडप दाबाला जावयाची वाट अचानक मिटली म्हणून उघडते. दाब किती चढूं द्यावा हें ठरविणारी झडप टर्बोच्या धुराकडच्या बाजूस वेगळी असते. तिला वेस्टगेट म्हणतात, आणि ती डिझेललाही असते. रॅम्सबॉटमची खरी पणती म्हणावयाची ती वेस्टगेट. या दोहोंची गल्लत करून बिघाड शोधावयास निघालेला माणूस भलत्याच घरीं जाऊन दार ठोठावतो.

सुटलेली हवा कोठें जाते, हा शेवटचा मुद्दा. बहुतेक कारखानदार ती एका नळीनें पुन्हां टर्बोच्या तोंडाशीं नेऊन सोडतात. बाजारांत मिळणाऱ्या चकचकीत झडपा ती उघड्यावर सोडतात, आणि मग 'फुस्स' असा मोठा आवाज होतो. चार्ल्स्टनच्या आगवाल्यानें जो आवाज बंद करावा म्हणून जीव गमावला, तोच आवाज यावा म्हणून आजचे तरुण झडप बदलतात. कांहीं बहाद्दर तर डिझेल गाडीवरही तसा आवाज काढणारें खेळणें बसवितात, जेथें त्या झडपेला कामच नाहीं. मोटार वाहन कायदा, १९८८, याच्या ५२ व्या कलमान्वयें कारखान्यानें दिलेल्या रचनेंत मनास येईल तसा फेरफार करण्यास मनाई आहे. पण तें कलम आवाजापुढें कोणाच्या कानीं पडतें?

आतां नांदूरघाट. दुसऱ्या दिवशीं दुपारच्या एस. टी. नें मी तेथें पोंचलों. बहीण अंबाजोगाईहून परत आली होती आणि माझ्यासाठीं चहा ठेवण्याचा हट्ट करीत होती. भाच्यानें गाडीचा सारा इतिहास सांगितला. गाडी जुनी, पेट्रोल टर्बोची, दुसऱ्याकडून घेतलेली. तीनचार महिन्यांपूर्वीं ती चढावर दम टाकूं लागली. पाय दाबला कीं बॉनेटखालून बारीक शिटीसारखा आवाज, पाय उचलला कीं फडफड. धूर मात्र नाहीं. शहरांतल्या एका गॅरेजवाल्यानें सांगितलें, टर्बो गेला, नवा घाला. किंमत ऐकली तर एका हंगामाच्या सोयाबीनचे पैसे. मग एका मित्रानें सल्ला दिला कीं त्याआधीं ही चकचकीत झडप घालून पाहा. ती घातली, आणि काय आश्चर्य, गाडी चढावर पळूं लागली! भाचा खूश, मित्र खूश. पण त्या दिवसापासून क्लच दाबला कीं इंजिन अडखळे, काळा धूर टाकी, आणि एखाद्या वेळीं विझे. टर्बो जातांजातां आतां इंजिनही घेऊन चालला आहे, असें शहरवाल्याचें म्हणणें.

गांवांतले मिस्त्री वयानें मोठे. सारा गांव त्यांना उस्ताद म्हणतो, माझा भाचा चाचा म्हणतो. ते म्हणाले, "पाव्हणं, डिझेलची नाडी मला ठाऊक हाय. हे पेट्रोलचं टर्बो आत्ता आत्ता यायलंय. तुम्ही म्हणाल तसं बघू."

मीं म्हटलें, "उस्ताद, हात नंतर लावूं. आधीं एवढें सांगा, झडप बदलल्यावर गाडी चढावर पळूं लागली कीं नाहीं?"

"लागली."

"मग टर्बो मेलेला असता तर पळाली असती का?"

उस्ताद माझ्याकडे पाहात राहिले, आणि मग भाच्याकडे वळून म्हणाले, "पोरा, तुझं सोयाबीन वाचलं."

कोड्याचें पहिलें अर्धें असें बसल्याबसल्या सुटलें. झडप बदलतांच दम परत आला, याचा अर्थ दम जुन्या झडपेंतूनच गळत होता. जुनी झडप भाच्यानें टाकून दिली नव्हती, हें नशीब; डिकींत एका फडक्यांत बांधलेली सांपडली. तिची परीक्षा घ्यावयास मोठें यंत्र लागत नाहीं. उस्तादांनीं गुरांच्या डॉक्टरांकडून एक सुईवांचूनची प्लॅस्टिकची पिचकारी मागवून आणली. झडपेच्या बारीक तोटीला नळीचा तुकडा लावला, पिचकारी त्याला जोडली आणि दट्ट्या मागें ओढला. पडदा धड असता तर दट्ट्यानें ओढ धरली असती आणि सोडतांच तो पुढें गेला असता. आंतील झडपही मागें सरकलेली दिसली असती. येथें दट्ट्या लोण्यांतून सुरी जावी तसा मागें आला आणि तेथेंच राहिला. उजेडाकडे धरून पाहिलें तर पडद्याच्या कडेला नखाएवढी चीर. उष्णता, तेलाची वाफ आणि वय; रबराचे हे तिन्ही वैरी आहेत.

आतां साऱ्या खुणा जागेवर बसल्या. पडदा फाटला म्हणून चढावर हवा झडपेंतून मागें, टर्बोच्या तोंडाकडे गळे. ती शिटी त्याची. पाय उचलल्यावर पोकळीला ओढावयास पडदाच धड नाहीं, म्हणून झडप उघडेना. ती फडफड त्याची. आणि धूर कां नव्हता? कारण गळलेली हवा मोजणीच्या आंतच फिरत होती. हें मोजणीचें प्रकरण उस्तादांना मीं दोनदां समजावून सांगितलें, कारण कोड्याचें दुसरें अर्धें तेथेंच आहे.

या गाडींत एअर फिल्टरजवळ हवा मोजणारा एक सेन्सर आहे. आंत जितकी हवा गेली असें तो सांगेल, तितक्या मानानें इंजिनाचा संगणक पेट्रोल सोडतो. झडप हवा परत तोंडाशीं सोडते तोंवर हिशेब जुळतो. चकचकीत झडपेनें तीच मोजलेली हवा बाहेर फुंकून दिली. पेट्रोल मात्र मोजणीप्रमाणें सुटलें. हवा थोडी, पेट्रोल फार, म्हणून काळा धूर आणि अडखळणें. त्यांतून त्या झडपेची स्प्रिंग मऊ होती. क्लच दाबून इंजिन संथ चालीवर आलें कीं ती अर्धवट उघडीच राही, आणि तिच्या तोंडातून उलट बाहेरची हवा आंत ओढली जाई. न मोजलेली, न गाळलेली, नांदूरघाटच्या धुळीनें भरलेली. एका क्षणीं पेट्रोल फार, दुसऱ्या क्षणीं हवा फार. इंजिन विझणार नाहीं तर काय होईल? आणि इंजिन विझलें कीं ब्रेकला मदत करणारी पोकळी एकदोन दाबांतच संपते, स्टिअरिंग जड होतें. वळणावर भाच्याच्या पायाखालीं जो दगड झाला तो हा. ज्यांच्या गाडींत हवा मोजण्याऐवजीं नळींतला दाब मोजतात, त्यांना हा त्रास इतका होत नाहीं. पण त्यांनाही धूळ चुकत नाहीं.

मग आम्हीं हात लावला. इंजिन पूर्ण थंड होऊं दिलें. टर्बोजवळ घाई करणाऱ्याची कातडी जाते. चकचकीत झडप काढली. परतीच्या नळीचें भोंक मित्रानें लांकडाच्या खुंटीनें बंद केलें होतें, तें मोकळें केलें. बारीक नळी बोटांनीं वांकवून पाहिली. एका टोकाशीं ती कडक होऊन तडकली होती. तेवढी नवी झडप घालून ही नळी तशीच ठेवली असती तर पुन्हां पहिले पाढे पंचावन्न. कारण ही नळी निसटली किंवा फुटली कीं झडपेला पाठीमागचा दाबही मिळत नाहीं आणि पोकळीही मिळत नाहीं. ती चढावर गळते आणि पाय उचलल्यावर उघडत नाहीं, अगदीं फाटलेल्या पडद्याप्रमाणें. म्हणूनच मी उस्तादांना म्हणालों कीं, अशी गाडी आली तर पहिल्यानें ही चार बोटांची नळी पाहा, मग तिच्या क्लिपा, मग मोठ्या नळ्यांचे सांधे, मग झडप. टर्बो अगदीं शेवटीं.

दट्ट्याची झडप असेल तर आणखी एक गोष्ट. तेलाचा चिकटा आणि धूळ बसून दट्ट्या अडकतो. ती खोलून पुसावी, तेलाचा अगदीं पातळ हात द्यावा. ग्रीस थापलें तर तें धूळ धरून आणखी अडकवितें. स्प्रिंग कडक करून दोष जात नाहीं. फार कडक केली कीं झडप उघडतच नाहीं आणि फडफड परत येते. फार सैल ठेवली कीं काय होतें तें वर सांगितलेंच. आणि झडपेचा पाया जेथें बसतो तेथील रबरी कडी जुनी असेल तर नवी झडपही गळते.

कारखान्यानें दिली तशीच, हवा परत नेणारी, झडप तालुक्याला मिळाली नाहीं. शहराहून मागवावी लागली. दोन दिवस गेले. त्या दोन दिवसांत उस्तादांनीं सांध्यांची परीक्षा घेतली. टर्बोच्या तोंडाला रबरी बूच लावून त्यांतून कंप्रेसरची हवा अगदीं थोड्या दाबानें आंत सोडली आणि प्रत्येक सांध्यावर साबणाचें पाणी लावलें. एका ठिकाणीं फेस फुगला. क्लिप आवळली, फेस बसला. ही त्यांचीच कल्पना. पंक्चर काढतांना ट्यूब पाण्यांत बुडवितात ना, तसें म्हणाले. टर्बोचा कणा बोटानें हलवून पाहिला. चाक घराला कोठेंही घासत नव्हतें.

झडप आली, बसली. भाचा, उस्ताद आणि मी असे तिघे चढावर गेलों. गाडीनें दम धरला. पाय उचलल्यावर फडफड नाहीं, 'फुस्स' नाहीं, नुसता एक मंद उसासा. उतारावर प्रत्येक वळणाआधीं भाच्यानें क्लच दाबला. इंजिन एकदांही विझलें नाहीं. भाच्याचा चेहरा मात्र किंचित उतरला. मीं विचारलें तेव्हां हळूच म्हणाला, "मामा, तेवढा आवाज गेला बघा."

बहिणीनें मागून ऐकलें. ती म्हणाली, "आवाज माझ्या छातीत आहे तेवढा पुरे."

ती फाटक्या पडद्याची झडप उस्तादांनीं मागून घेतली. ती आतां त्यांच्या दुकानांत पिचकारीसकट एका खिळ्याला टांगलेली असते. टर्बो गेला म्हणून कोणी गाडी घेऊन आला कीं ते आधीं ती काढून त्याच्या हातीं देतात, आणि दट्ट्या ओढावयास सांगतात.